कॅल्शियमची बाटली

शनिशिंगणापूर, ता. नेवासा
२७ जुलै २०२५

आदरणीय बाई,

मनकर्णाचा नमस्कार. पत्र हनुमंतच्या टेम्पोतून पाठवतेय. तो रोज पहाटे राहुरीहून दुकानाची फुलं घेऊन येतो आणि रिकामा परत जातो, म्हणजे पोस्टाच्या आधी तुमच्या हातात पडेल. फोन केला असता, पण आमचा मोबाईल गल्ल्यावर असतो. जो कोणी उचलतो तो आधी स्पीकरवर टाकतो, आणि हे स्पीकरवर बोलण्यासारखं नाही.

बाई, माझ्या गोळ्या कमी पडतायत. तुम्ही मला नगरच्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलंत त्याला दोन वर्षं होतील. तेव्हा दुकानात शनिदेवाला वाहायचे नारळ आणि तेल विकता विकता छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आता जीव जातो असं वाटायचं. त्या गोळीने ते थांबलं. रोज सकाळी एक, दोन महिन्यांच्या साठ. यावेळी १९ जूनला साठ आणल्या आणि काल बाटली रिकामी झाली. अडतीस दिवसांत साठ गोळ्या संपल्या. वरच्या बावीस कुठे गेल्या?

मी त्या कुठे ठेवते ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या घराला दार नाही, कपाटाला कुलूप नाही, सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीलाही कडी नाही. गावाची रीत आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एखाद्या बाईला एखादी वस्तू झाकून ठेवायची असेल तर तिने करायचं काय? म्हणून गोळ्या पट्टीतून सोलून कॅल्शियमच्या जुन्या बाटलीत ओतते, आणि बाटली सगळ्यांसमोर चहा-साखरेच्या फळीवर ठेवते. 'मनकर्णाची हाडाची गोळी' म्हणून सगळं घर तिला ओळखतं.

ह्यांना सांग, असं तुम्ही पुन्हा म्हणाल. माझी चुलत जाऊ पंकजा आठवते ना? एकदाच नगरला डोक्याच्या डॉक्टरांकडे गेली. महिन्याभरात तिच्याकडून दुकान काढून घेतलं आणि दिवाळीला माहेरी पाठवली ती अजून परत आणलेली नाही. मला माझा गल्ला हवा आहे, बाई. सकाळी दुकानाचा पडदा बाजूला करून मी माझ्या जागेवर बसते, तेवढा वेळ मी माणूस असते.

इथे चोरी होत नाही हे बघायला लोक लांबून येतात. मग त्या बावीस गोळ्या मीच खाल्ल्या असणार. सकाळी घेते, विसरते, परत घेते. स्वतःचाच इतका राग आलाय की काय सांगू.

बाकी ठीक. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात. पण एक बरं आहे, सासरे गेल्यापासून भांडी आपटायच्या, त्या हल्ली शांत झोपतात.

तुमची,
मनकर्णा


राहुरी
२९ जुलै २०२५

चि. मनकर्णा,

पत्र वाचलं. आशीर्वाद शेवटी देईन, आधी रागावून घेते.

बत्तीस वर्षं शिंगणापूरच्या शाळेत मी पोरं पाहिली. वही हरवली म्हणणारं पोर आणि गोळ्या हरवल्या म्हणणारी तू, मला तरी दोघांत फरक दिसत नाही. विसरून दोनदा घेतेस म्हणे. मनकर्णे, घाबरं वाटलं की तू मुद्दाम दुसरी घेत असणार. कबूल करायला लाज वाटते म्हणून विसरण्याचं सोंग आणलंस. डॉक्टरांनी एक सांगितली तर एकच घ्यायची. कमी-जास्त करायचं असेल तर त्यांना विचारायचं. हे मी तुला त्यांच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच सांगितलं होतं.

आता एक कर. नवीन आणल्यास की मोजून बाटलीत टाक. रोज घेतलीस की कॅलेंडरवर टिंब काढ. मग मला हिशेब कळव, म्हणजे कोण विसरतंय आणि कोण खोटं बोलतंय ते दोघींनाही कळेल. आणि गोळ्या एकदम बंद करून बसू नकोस.

गहिनीनाथला सांग. हे मी दोन वर्षं सांगतेय आणि तू दोन वर्षं पंकजाची गोष्ट ऐकवतेस.

ऑपरेशननंतरचा माझा नवा गुडघा माझा कमी आणि सूनबाईचा जास्त आहे. मैत्रेयी दिवसातून तीनदा व्यायाम करून घेते. शिक्षिका म्हणून मी किती त्रासदायक असेन याचा अंदाज मला आत्ता येतोय.

अनेक आशीर्वाद.
विजयाबाई


शनिशिंगणापूर
१७ ऑगस्ट २०२५

बाई,

मी खोटं बोलत नव्हते. आधी हेच लिहिते, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

२८ जुलैला दुकानाचा माल आणायच्या निमित्ताने नगरला गेले आणि साठ गोळ्या आणल्या. एसटी स्टँडच्या बाकावर बसून दोनदा मोजल्या. बाजूच्या बाईंना वाटलं मी मणी विकते. तुमचं पत्र आल्यावर मागची टिंबंही काढली, म्हणून २८ तारखेपासून आजपर्यंत कॅलेंडरवर एकवीस टिंबं आहेत. म्हणजे एकोणचाळीस उरायला हव्यात. बाटलीत एकवीस आहेत. अठरा गोळ्या गेल्या, बाई, आणि त्या मी घेतलेल्या नाहीत. तुम्ही पत्रात सोंग हा शब्द लिहिलात. तो वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शाळेत तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाहीत, तो असा उगारलात.

उंदीर म्हणावं तर उंदीर झाकण लावून जात नाही. घरात आम्ही तिघंच. ह्यांना गोळी गिळायची म्हटलं की उलटी होते. सासूबाईंना विचारायचं तर काय विचारू? 'माझ्या हाडाच्या गोळ्या मोजल्या, कमी भरल्या' असं? कॅल्शियम कोण मोजतं? मोजते म्हटलं की संशय आलाच. आता कोणी बाहेरचं येऊन नेतं म्हणावं, तर शिंगणापुरात राहून ते तोंडातून कसं काढायचं? दुकानात बसून रात्रंदिवस हेच डोक्यात फिरतं.

दुसरी डोकेदुखी. येत्या शनिवारी शनिअमावस्या आहे. लाखांनी माणूस येईल. सासूबाईंचा हट्ट, 'दर अमावस्येला मी दुकानावर बसते, याही अमावस्येला बसणार.' आणि त्यांना उंबऱ्यावर पाय उचलून ठेवता येत नाही. तुमच्या ऑपरेशननंतर तुम्हाला ज्या गोळ्यांनी आराम पडला होता त्यांचं नाव कळवा. इथे औषधाच्या दुकानातून आणते.

मनकर्णा


राहुरी
१९ ऑगस्ट २०२५

चि. मनकर्णा,

सोंग हा शब्द परत घेते. शिक्षकाला शब्द परत घ्यायची सवय नसते, तेव्हा एवढ्यावर भागवून घे. अठरा गोळ्यांचं मात्र मलाही काही सुचत नाही.

गोळ्यांचं नाव कशाला, गोळ्याच पाठवते. चौदा उरल्यात. जोरदार आहेत, पहिल्याच दिवशी मी आपल्या पायांनी मोरीपर्यंत गेले होते. छबूबाईंना सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एक दे. दुकानदार चिठ्ठीशिवाय देणार नाही. आणि डॉक्टरांकडे गेलीस तर ते आधी एक्स-रे काढायला लावतील, मग दुसरा, आणि अमावस्या निघून जाईल. एवढ्याशा दुखण्याला काय डॉक्टर. हनुमंतच्या हाती डबी देते आहे, उद्या मिळेल.

छबूबाईंना माझा नमस्कार सांग.

विजयाबाई


शनिशिंगणापूर
२४ ऑगस्ट २०२५, रविवार

बाई,

नमस्कार-चमत्कार लिहायला वेळ नाही. सासूबाई फार आजारी आहेत.

बुधवारी संध्याकाळी तुमची पहिली गोळी दिली. गुरुवारी त्या खरंच चालल्या, तुमचं नाव घेऊन चार घरी सांगून आल्या. शुक्रवारी दुपारपासून एका जागी बसवेना. उठायच्या, बसायच्या, पदराने घाम पुसायच्या. चहाचा कप हातात धरला तर सगळा चहा बशीत. मग जुलाब सुरू झाले. सगळे म्हणाले, गर्दीचा प्रसाद बाधला. शनिवारी ताप चढला आणि त्या भलतंच बोलायला लागल्या. मेलेल्या सासऱ्यांना जेवायला हाका मारत होत्या. पाय खाटेवर आपोआप उडतात, शिवणयंत्राच्या पायडलसारखे. मी हाताने दाबून धरले तरी थांबत नाहीत.

अमावस्येच्या गर्दीत गाडी निघायला चार तास लागले. सोनईच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. डेंगी तपासला, नाही. मलेरिया नाही. टायफॉईड नाही. साखर, थायरॉईड, किडनी, सगळे कागद नॉर्मल. प्रत्येक कागद आला की हे खुश होतात आणि मला रडू येतं. सगळं नॉर्मल आहे तर माणूस का नॉर्मल नाही? कंपाऊंडर म्हणाला, "म्हातारं मानूस हाय, वहिनी, व्हतं असं." मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही.

डॉक्टरांनी कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. हे म्हणाले, बीपीची आणि गुडघ्याची. मी तुमची डबी दाखवली. त्यांनी लांबूनच बघितली आणि दुखण्याची गोळी म्हणून सोडून दिली. दुखणं थांबावं म्हणून मी ती अजून देतेच आहे.

शेजारपाजारचे म्हणतात तेल वाहा, साडेसाती असेल. हे दोन डबे वाहून आले. उद्या नगरला मोठ्या दवाखान्यात हलवतोय. बाई, मला काही सुचेनासं झालंय. माझी छाती परत धडधडायला लागलीय.

मनकर्णा


राहुरी
२६ ऑगस्ट २०२५, मंगळवार सकाळ

मनकर्णा,

तुझं पत्र हनुमंतने दीड दिवस टेम्पोच्या काचेजवळ ठेवून आत्ता आणून दिलं. "इसरलो बाई, गर्दीच लई हुती" म्हणाला. त्याला मी जे बोलायचं ते बोलले.

लगेच फोन केला. गल्ल्यावर कोणीतरी उचलला. "समदी नगरला गेल्यात," म्हणाला. मागून गिऱ्हाइकांचे आवाज, म्हणजे स्पीकरवर. मी एवढंच सांगितलं, की गुडघ्याच्या गोळ्या बंद करायला सांगा, आत्ताच्या आत्ता. "बरं," म्हणाला. कोणत्या दवाखान्यात ते त्याला माहीत नाही. त्या "बरं"वर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून माझ्या मुलाला, धवलला, सुट्टी घ्यायला लावून हे पत्र देऊन पाठवतेय. शिंगणापूरला जाऊन, विचारून, तो तुला गाठेल. पत्र बंद आहे, त्याने वाचलेलं नाही.

आता नीट वाच. तुझं पत्र वाचून मला एक आठवण झाली आणि अंगावर काटा आला. त्या गोळ्या लिहून देताना माझ्या हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "मनाच्या आजारावरची काही गोळी घेता का?" मी त्यांना ताडकन म्हणाले होते, "मी तुम्हाला वेडी वाटते का?" ज्या बाईने तुला हात धरून मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, ती हे बोलली. ते बिचारे फक्त म्हणाले, "घेत असाल तर ही गोळी चालत नाही. दोन्ही एकत्र झाल्या तर थरथर, घाम, जुलाब, ताप, भ्रम, जीवावर बेतू शकतं." मी तेव्हा ऐकलंच नाही. रागात होते. आज सकाळी दवाखान्याची फाईल काढली, त्यातही हेच छापलेलं आहे.

छबूबाई मनाची गोळी घेत नाहीत, तेव्हा त्यांचं दुखणं काही वेगळं असेल. मला काळजी तुझी आहे. तुझी छाती धडधडते असं लिहिलंस. खरं सांग, थकून, अंग दुखतं म्हणून, तू माझ्या डबीतली एखादी गोळी घेतलीस का? घेतली असशील तर वाट बघत बसू नकोस. तिथेच डॉक्टरांसमोर उभी राहा आणि दोन्ही गोळ्यांची नावं सांग. गहिनीनाथ ऐकत असला तरी सांग. गल्ला गेला तर परत मिळवता येईल.

मी चुकले, मनकर्णा. चौदा गोळ्या डबीत घालून पाठवताना मी स्वतःला डॉक्टर समजत होते.

विजयाबाई


शनिशिंगणापूर
३१ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,

सासूबाई काल घरी आल्या. आज दोन घास भाकरी खाल्ली आणि भाजीला मीठ कमी आहे म्हणाल्या. आता सगळं सांगते.

नगरला सोमवारी भरती केलं. डोक्याचा सिटी स्कॅन केला, नॉर्मल. परत रक्त काढलं. मंगळवारी सकाळी सांगितलं, की आता पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायचं. हे नुसते बसून होते. इतकी वर्षं दुकानावर येणाऱ्या गावोगावच्या भाविकांना धीर देणारा माणूस, भिंतीला डोकं टेकून.

दुपारी ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर आल्या, निकिता नावाच्या. त्यांनी कागद बघितलेच नाहीत आधी. डोळ्यांत बॅटरी मारली. मग सासूबाईंचं पाऊल तळव्याकडून धरून एकदम वर दाबलं. पाऊल त्यांच्या हातात आपलं आपण ठकठक, ठकठक करत राहिलं. त्यांनी विचारलं, "या मनाच्या आजारावर गोळी घेतात का? झोपेची, टेन्शनची?"

हे म्हणाले, "न्हाई बा. बीपीची घेती आई, आन् गुडघ्याची. दुसरं काय न्हाई."

"नीट आठवा."

"न्हाई म्हनलं ना, डॉक्टर. आमच्या घरात कुनाला तसलं न्हाई."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मग म्हणाल्या, यांच्या पिशवीत, लुगड्यात जे असेल ते सगळं इथे ओता. मी लुगडं झटकलं तर पदराच्या गाठीतून पाच पांढऱ्या गोळ्या चादरीवर पडल्या. ह्यांनी एक उचलून बघितली आणि म्हणाले, "ही व्हय? ही मनकर्णाची हाडाची हाय. आई घेती कधीमधी. कॅल्शम."

बाई, मला त्या क्षणी सगळं कळलं. बावीस आणि अठरा कुठे गेल्या तेही. आणि माझं तोंड उघडलं नाही. खरं लिहिते, लपवत नाही. पाण्याची रिकामी बाटली उचलली आणि "पाणी आणते" म्हणून मी बाहेर पडले. जिन्यात बसले. आत सासूबाई ताप चढून बडबडत होत्या आणि मी पंकजाचा विचार करत होते. किती वेळ गेला माहीत नाही. पंधरा मिनिटं असतील, वीसही असतील. ती मिनिटं मला जन्मभर पुरतील.

धवलने मला तिथेच गाठलं. तुमचं पत्र तुम्ही माझ्यासाठी लिहिलं होतंत. तुमच्या डबीतली एकही गोळी मी घेतली नव्हती. पण 'जीवावर बेतू शकतं' हे वाचलं आणि उठले. मला वाटत होतं माझं गुपित फुटेल. माणूस मरेल हे कळलंच नव्हतं.

आत जाऊन डॉक्टरांना म्हणाले, "ती कॅल्शियमची नाही. माझी आहे. मनाची आहे. दोन वर्षं घेते." पर्समधून डॉक्टरांची चिठ्ठी काढून दिली. ह्यांच्याकडे बघितलं नाही.

मग सगळं भराभर झालं. दोन्ही गोळ्या बंद. सलाईन, अंग शांत करायचं इंजेक्शन, ओल्या कापडाने अंग पुसणं, छातीला यंत्र लावून रात्रंदिवस लक्ष. पाठीतलं पाणी काढायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी थरथर कमी झाली, तिसऱ्या दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारली.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, सेरोटोनिन सिंड्रोम. मेंदूत सेरोटोनिन नावाचं द्रव्य असतं. माझी गोळी ते वाढवते, तुमची गोळीही वाढवते, दोन्ही मिळून अंगात अति झालं. मी चिडून विचारलं, "मग एवढ्या टेस्ट केल्या त्यात आलं का नाही?" त्या म्हणाल्या, "याची वेगळी टेस्ट नसतेच. बाकीच्या टेस्ट दुसरे आजार नाहीत ना हे बघायला. हे ओळखायचं ते कोणत्या गोळ्या, कधीपासून, आणि अंग बघून. नवी गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत असं थरथरणं, घाम, अस्वस्थपणा दिसला तर लगेच यायचं, येताना घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन. ताप, झटके, भ्रम असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही." आम्ही चार दिवस थांबलो. आणि सगळ्या गोळ्या नेऊनसुद्धा काय झालं असतं? बाटलीवर कॅल्शियम छापलं होतं ना, आणि आत दुसरं भरलं होतं माझ्याच हाताने.

हे दवाखान्यात दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा आणला आणि म्हणाले, "दोन वरीस?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "तुला शनिदेवानं बरी केली म्हनून मी दर शनिवारी तेल घालतोय. दोन वरीस." आणि हसले की रडले ते मला कळलं नाही. मला इतका राग आला, बाई. त्यांना म्हणाले, तुम्हाला दिसत होतं मला काय होत होतं, नवस बोलण्याइतकं दिसत होतं, आणि एकदा विचारता नाही आलं? ते म्हणाले, "तुला सांगता न्हाई आलं."

गल्ल्यावर उद्यापासून बसायचं की नाही, यावर ते अजून काही बोललेले नाहीत. मी मात्र पहाटे जाऊन बसणार आहे.

तुम्ही स्वतःला फार बोल लावू नका. चूक तुमची चौदा गोळ्यांची, माझी एका बाटलीची.

तुमची,
मनकर्णा

ता. क. सासूबाईंना तुम्हाला काही कळवायचंय. मी लिहून घेणार आहे.


शनिशिंगणापूर
७ सप्टेंबर २०२५

विजयाबाईंना छबूबाईचा रामराम.

मनकर्णा लिवतीया, मी सांगतीया. तिला म्हनलंय, सांगंन तसंच लिव, शाळेतलं करू नगंस.

तुमच्या डबीतल्या चार गोळ्या उरल्यात, त्या हनुमंतासंगं परत धाडल्यात. मोजून घ्या. कुनाला देऊ नका आता.

मला समदी इचारत्यात, आत्या, तुमी चोरून का घेतली? मी चोरली न्हाई. फळीवर हुती, घरातली हुती. मला वाटलं, सून सोतासाठी भारी गोळी आनती आन् सासूला साधी बी देत न्हाई. मागितली आसती तर 'तुमच्यासाठी न्हाई' म्हनली आसती. तवा म्हनलं कशाला मागा. पदरात चार-पाच बांधून ठिवायचे, कुनाचं ध्यान नसलं की घ्यायचे. तिनं बी लपवलं, मी बी लपवलं. बिनदाराच्या घरात आमी दोगी किती हुश्शार.

गल्ल्यावर मनकर्णाच बसती. गहिनीनाथ कुरकुरला. मी म्हनलं, इतके दिस बसत हुती तवा काय बुडालं?

आता जे सांगायचं ते हे. दवाखान्यातून आल्यापास्नं मला झोप न्हाई. त्या डॉक्टरनीनं सांगितलंय, आपल्या मनानं गोळी घ्यायची न्हाई. मंगळवारी मनकर्णाच्या डॉक्टरकडं मला बी न्यायचं, त्यो तपासंल आन् ठरवंल. गहिनीनाथ म्हनतो, घरातल्या दोन-दोन बायका तिकडं? लोक काय म्हनत्याल? लोकांनी बगावं. फळीवर दोन बाटल्या ठिवू, नावं लिवून.

कारन मी तुमाला सांगते, बाई, कुनाला सांगितलं न्हाई. मालक गेले त्याला तीन वरसं झाली. रोज पहाटं उठून मी चुलीम्होरं बसून रडायचे. समदी उठायच्या आत डोळं पुसायचे. ती गोळी घ्यायला लागले आन् म्हयन्याभरानं रडू थांबलं. आपसूक. मला वाटलं, हाडं बरी झाली की मानूस रडत नसंल.

छबूबाई, अंगठा